थारच्या मागच्या डिफरन्शियलचं ऑइल: आधी आत काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. थार एलएक्स, डिझेल, फोर बाय फोर, मागच्या ॲक्सलला एमएलडी, म्हणजे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल. गाडी साताऱ्यात असते आणि पावसाळ्यात ओढ्यानाल्यांतून बरीच फिरते. मेकॅनिक म्हणतो, "हे एलएसडीच आहे, एलएसडीचंच ऑइल लागेल." (एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल.) दुकानदार ८५डब्ल्यू-१४० काढून देतोय, जाड असलेलं बरं म्हणून. मित्रांचा आग्रह ७५डब्ल्यू-९० फुल सिंथेटिकचा. त्यात अमेरिकेतला चुलतभाऊ त्याच्या मस्टँगमध्ये घालतात ती फ्रिक्शन मॉडिफायरची, म्हणजे ऑइल निसरडं करणाऱ्या द्रवाची, छोटी बाटली घेऊन येतोय. यातलं नेमकं काय घालायचं?

बाटली घालू नका. ८५डब्ल्यू-१४० पण नको. उरलेल्या दोन गोष्टी, म्हणजे ग्रेड आणि सिंथेटिक की मिनरल, त्यामानाने सोप्या आहेत. पण मेकॅनिकचं ते वाक्य जरा तपासून घेऊ, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारी डिफरन्शियल चार-पाच वेगवेगळ्या रचनांची असतात. सगळ्यांना सरसकट एलएसडी म्हणायची पद्धत पडली आहे. यातली काही ऑइलमध्ये निसरडेपणा मागतात, काहींना तोच निसरडेपणा नको असतो आणि काहींना फरकच पडत नाही. म्हणून ऑइल निवडताना डब्यावरचा आकडा शेवटी बघायचा. आपल्या ॲक्सलमध्ये चाकांना आवर कोण घालतंय, दात, प्लेटा, द्रव की ब्रेक, हे आधी ठरवायचं.

मुळात डिफरन्शियल कशासाठी असतं ते आकड्यात बघा. थारच्या दोन चाकांमध्ये साधारण दीड मीटर अंतर आहे. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळपास २.४ मीटर जास्त चालतं. वळण लहान असो की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. एलएक्सच्या २५५/६५ आर१८ टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणाला बाहेरचं चाक जवळजवळ एक फेरा जास्त मारतं. हा जादा फेरा मारू देणं हे डिफरन्शियलचं काम. एक चाक चिखलात सापडलं की हीच सवलत अंगाशी येते: सगळी ताकद रिकाम्या फिरणाऱ्या चाकाला जाते आणि जमिनीवरचं चाक गप्प बसतं.

यावरचा जुना आणि आजही सर्रास दिसणारा उपाय प्लेटांचा. १९३० च्या दशकात जर्मनीत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी झेडएफ या कंपनीने घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारं डिफरन्शियल बनवलं, पण ते वेगळ्या रचनेचं होतं. प्लेटांचा उपाय १९५० च्या दशकात अमेरिकेत रोजच्या गाड्यांत आला. चाकाकडे ताकद नेणारा साइड गिअर आणि डिफरन्शियलचं कवच म्हणजे केस यांच्यामध्ये प्लेटांची चळत असते, एक आड एक. अर्ध्या प्लेटा ॲक्सलच्या बाजूला अडकलेल्या, अर्ध्या केसला. स्प्रिंगने त्या एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात. एक चाक जास्त पळू लागलं की प्लेटांचं घर्षण त्याला मागे ओढतं.

आता रस्त्यावर वळताना काय होतं? तो जादा फेरा मारायला प्लेटांना एकमेकींवरून अगदी सावकाश सरकावं लागतं. आणि सावकाश सरकणं हीच घर्षणाची अवघड जागा. जड कपाट फरशीवरून ढकललंय कधी? हलेपर्यंत हलत नाही, आणि हललं की एकदम पुढे जातं, पुन्हा अडतं. प्लेटांचंही तसंच होतं: धरलं, सुटलं, धरलं, सुटलं, सेकंदाला कितीतरी वेळा. ॲक्सलचं हौसिंग पोकळ असल्याने तो आवाज आणखी मोठा होऊन सीटपर्यंत येतो. पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग वळवून बाहेर पडताना मागून कडकड, थरथर ऐकू आली तर क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली मुख्य गिअरची जोडी) गेलं असं समजून कित्येक जण ॲक्सल उघडायला निघतात. बऱ्याचदा दोष ऑइलचा असतो.

फ्रिक्शन मॉडिफायर इथे कामाला येतो. त्याचे लांब रेणू एका टोकाने धातूला चिकटतात आणि पृष्ठभागावर पातळ थर धरतात. थांबलेल्या प्लेटांचं घर्षण त्यामुळे सरकत्या प्लेटांच्या घर्षणापेक्षा जास्त राहत नाही, उलट थोडं कमीच होतं. मग 'धरलं-सुटलं' हा खेळ सुरूच होत नाही. प्लेटा न अडखळता सरकतात आणि तरीही मागे ओढण्याचं काम करतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे ऑइल ब्रेक याच गणितावर चालतात. त्यात भलतं ऑइल गेलं की ब्रेक दाबताना कण्हतात, हे गावातला कोणताही ट्रॅक्टर मेकॅनिक सांगेल.

तुमच्या भावाच्या मस्टँगला मागे ट्रॅक्शन-लॉक असेल तर ते असलंच प्लेटांचं आहे. त्यासाठी फोर्ड स्वतःच ती छोटी बाटली विकते, चार औंस, म्हणजे सुमारे ११८ मिली. तिथे ती बाटली विसरली तर वळणावर थरथर ठरलेली. जास्त ओतली तर उलटं होतं: प्लेटा इतक्या निसरड्या होतात की आवर घालणं उरत नाही. महागडं एलएसडी असूनही गाडी साध्या डिफरन्शियलसारखी एका चाकावर फिरत बसते. म्हणून प्लेटावाल्या डिफरन्शियलला कंपनीने मात्रा सांगितली असेल तर तेवढीच घालावी. मात्रा सांगितली नसेल तर थोडी घालून, गाडी फिरवून, थरथर राहिली तरच पुन्हा थोडी. त्यातही परफॉर्मन्स पॅकेजवाल्या काही मस्टँगना टॉर्सन हे दातांचं डिफरन्शियल येतं आणि त्याला ही बाटली लागत नाही. तेव्हा भावालाही आधी स्वतःच्या गाडीत काय आहे ते बघायला सांगा.

तुमच्या थारचं प्रकरण वेगळं. एमएलडी म्हणजे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, ईटन कंपनीची रचना. जनरल मोटर्सच्या ट्रक आणि पिकअपमध्ये ती १९७३ पासून आहे, तिकडे जी८० या ऑर्डर कोडने ओळखतात. बोलेरो निओच्या एन१० (ओ) मध्येही हीच जात. आत प्लेटा आहेत, पण त्या सदैव दाबून धरलेल्या नसतात. सरळ रस्त्यावर आणि नेहमीच्या वळणावर हे डिफरन्शियल साध्या डिफरन्शियलसारखंच मोकळं वागतं. केसच्या आत एक छोटा गव्हर्नर आहे, दोन वजनं असलेला. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की तो फिरू लागतो. फरक मिनिटाला १०० फेऱ्यांच्या आसपास गेला की वजनं बाहेर फेकली जातात, त्यातलं एक एका आकड्यात, म्हणजे हुकात, अडकतं आणि गव्हर्नर थांबतो. तो थांबला की त्याच्याशी जोडलेली कॅम प्लेट मागे राहते, उतारावर चढते आणि प्लेटांची चळत दाबत नेते. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरू लागेपर्यंत हा दाब वाढत जातो, अगदी पूर्ण लॉक होईपर्यंत. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या थोडा वर गेला की तो हुकच बाहेरच्या बाजूला कलतो आणि लॉक लागतच नाही. हायवेवर एक चाक पाण्याच्या डबक्यातून गेलं म्हणून मागचा ॲक्सल अचानक लॉक होऊ नये, यासाठी ही सोय.

आता वळणातल्या जादा फेऱ्याचा मघाचा हिशोब इथे लावा. गल्लीत काटकोनात वळायला चार सेकंद लागले आणि त्यात बाहेरच्या चाकाने एक फेरा जास्त मारला, तर वेगातला फरक मिनिटाला १५ फेऱ्यांचा. लॉक लागायला १०० हवेत. म्हणजे नेहमीच्या वळणावर एमएलडीच्या प्लेटांवर दाब येतच नाही, मग त्या थरथरणार तरी कशाला? ज्या आजारावर फ्रिक्शन मॉडिफायर हे औषध आहे, तो आजारच या यंत्राला नाही.

औषधाचा अपाय मात्र होतो. कॅमने प्लेटा दाबायला घेतल्या की त्यांनी पटकन पकडलं पाहिजे. पकड निसरडी झाली तर लॉक लागायला उशीर होतो, तोवर चाक आणखी जोरात फिरतं आणि मग लॉक दणका देऊन लागतं. चिखलात ॲक्सिलरेटर वाढवताय, चाक भिंगरीसारखं फिरतंय आणि मग मागून धाडकन आवाज, हे ॲक्सलच्या जिवावर येणारं काम आहे. मोटरसायकलवाल्यांना हे लगेच कळेल. क्लच ऑइलमध्ये बुडालेला असलेल्या बाइकमध्ये कारचं निसरडं इंजिन ऑइल घातलं की क्लच घसरतो. म्हणूनच बाइकच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) बघून घेतात. ईटनचा एमएलडीबाबतचा सल्ला हाच आहे: फ्रिक्शन मॉडिफायर नको.

जाता जाता एक सांगतो. चढावर, ओल्या मुरुमावर चाक जरा फिरून 'टक्क' किंवा 'ठक्क' आवाज आला आणि गाडी पुढे सरकली, तर ते लॉक लागण्याचा आवाज आहे. ऑइल कोणतंही घाला, तो यायचाच. तो घालवायच्या नादात लोक ऑइलवर ऑइल बदलतात.

८५डब्ल्यू-१४० ला नाही म्हणण्याचं कारणही त्या गव्हर्नरमध्येच आहे. तो छोटा आणि हलका, ऑइलमध्येच फिरणारा. घट्ट ऑइलने त्याची हालचाल जड होते, आणि त्याच्या वेळेवर फिरण्या-थांबण्यावर तर सगळी यंत्रणा चालते. डिझाइन ज्या घट्टपणाला धरून झालंय त्याच्या आसपास राहिलेलं बरं. १४० ची जागा वेगळी: सतत जड ओझं ओढणारे, सावकाश चालणारे, तापणारे ॲक्सल, नाहीतर ट्रॅकवर रगडलेलं प्लेटांचं एलएसडी. साताऱ्याहून वीकेंडला कास-बामणोलीला जाणारी थार त्यात बसत नाही.

ग्रेडचे आकडे नेमकं काय सांगतात हे माहीत असलं की दुकानात फसगत होत नाही. एसएई या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक घट्टपणा. १४० म्हणजे २४ ते ३२.५. इंजिन ऑइलचा तक्ता वेगळा आहे. ९० चं गिअर ऑइल तापल्यावर साधारण ४० किंवा ५० च्या इंजिन ऑइलएवढंच असतं. तेव्हा '९० म्हणजे फार जाड' हा समज नको. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट न होता ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत टिकतं, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत, ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, पण उणे १२ आपल्याकडे कुठेच नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या गाडीला ७५डब्ल्यू आणि ८०डब्ल्यू यात निवड करताना थंडीचा मुद्दा निकालीच निघाला. हिवाळ्यात स्पिती किंवा लडाखला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे पहाटे गाडी सुरू केल्यावर घट्ट ऑइलमुळे बेअरिंगपर्यंत ते पोचायला वेळ लागतो. त्या सहलीसाठी ७५डब्ल्यू-९० चे जादा पैसे वसूल होतात.

म्हणजे तुमच्यासाठी: मालकाच्या पुस्तिकेत ऑइलचा तक्ता असतो. त्यात मागच्या ॲक्सलच्या ओळीसमोर जी ग्रेड आणि जे स्पेसिफिकेशन लिहिलंय ते घ्या. एमएलडीवाल्या ॲक्सलसाठी वेगळी ओळ असेल तर तीच धरा. माझ्या म्हणण्यात आणि पुस्तिकेत कुठे फरक दिसला तर पुस्तिका खरी. पुस्तिका ९० ची ग्रेड सांगत असेल तर चांगल्या कंपनीचं एपीआय जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा), ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९०, डब्यावर लिमिटेड स्लिप न लिहिलेलं, एवढं बस्स.

सिंथेटिक की मिनरल यावर चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद होतात, पण घर्षणाचा स्वभाव मुख्यतः ॲडिटिव्ह ठरवतात, मूळ तेल नाही. सिंथेटिक उष्णता जास्त सोसतं, जास्त दिवस टिकतं, थंडीत पातळ राहतं. मग ते नेहमी चांगलं का? नाही. ईटनच्याच ट्रूट्रॅक या दातांच्या डिफरन्शियलला कंपनी मिनरल ऑइल सुचवते. ऑबर्न कंपनीची, प्लेटांऐवजी शंकू असलेली डिफरन्शियल तर मिनरलच मागतात, वर त्यांचाच मॉडिफायर. दोन्ही ठिकाणी यंत्राची पकड घर्षणावरच उभी आहे. तुम्ही दरवर्षी पाण्यातून फिरता, म्हणजे ऑइल तसंही लवकर बदलावं लागणार. मी असतो तर महागड्या सिंथेटिकपेक्षा साधं सीलबंद जीएल-५ घेऊन जास्त वेळा बदललं असतं. सीलबंद हा शब्द मुद्दाम वापरला. बॅरलमधून मापाने मिळणारं सुटं ऑइल स्वस्त असतं, पण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

जीएल-५ वर तडजोड नको, आणि हे फक्त एलएसडीवाल्यांसाठी नाही. मागच्या ॲक्सलचं क्राउन-पिनियन हायपॉइड असतं: पिनियनचा अक्ष क्राउनच्या अक्षाच्या खाली किंवा वर सरकवलेला. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जोराने घासतही जातात. तिथे ऑइलचा पापुद्रा टिकत नाही. मग गंधक आणि फॉस्फरसची ॲडिटिव्ह तापलेल्या धातूशी संयोग पावून दातांवर बळी जाणारा थर बनवतात. गिअर ऑइलला तो उग्र वास येतो तो त्या गंधकाचा. जीएल-४ मध्ये ही ॲडिटिव्ह साधारण निम्मी असतात, हायपॉइडला ती पुरत नाहीत. उलट मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा असतात, त्यांना काही जीएल-५ ऑइल मानवत नाहीत. थारमध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा), पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल ही चार स्वतंत्र घरं आहेत. एकाच डब्यातून चारही भरणारा मेकॅनिक भेटला तर नम्रपणे गाडी बाहेर काढा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हे दुखणं जास्त अवघड होतं. नाशिक-पुण्याकडे रॅलीसाठी तयार केलेल्या पोलोसारख्या गाड्यांत एलएसडी गिअरबॉक्सच्या पोटातच बसतं. ऑइल एकच, आणि त्याने सिंक्रो रिंगांनाही सांभाळायचं, प्लेटांनाही. फार निसरडं घातलं तर सिंक्रो पकडत नाहीत आणि गिअर घासून पडतो. फार कोरडं घातलं तर प्लेटा ओरडतात. तिथे एलएसडी बनवणाऱ्याने सांगितलेलं ऑइल घालावं, ते कितीही महाग असो, आणि नव्या प्लेटा बसल्यावर पहिलं ऑइल लवकर काढून टाकावं. शर्यतवाल्यांचं जग वेगळंच आहे. एलएसडी बनवणाऱ्या जपानच्या ओएस गिकेनचं स्वतःचं एलएसडी ऑइल ८०डब्ल्यू-२५० ग्रेडचं आहे. ते बघून कुणी रोजच्या गाडीत तसलं काही भरू नये.

उरलेल्या जाती झटपट. टॉर्सन, ट्रूट्रॅक वगैरे दातांच्या डिफरन्शियलमध्ये गिअरच एकमेकांवर आणि केसवर दाबले जाऊन आवर घालतात. साधं जीएल-५ पुरतं. मॉडिफायरने नुकसान फारसं नाही, पण त्यांची पकडच घर्षणातून येते, मग ते कमी करण्यासाठी पैसे कशाला घालवा? व्हिस्कस प्रकारात सीलबंद डब्यात सिलिकॉनचा द्रव असतो. बाहेरच्या गिअर ऑइलचा त्याच्याशी संबंध नाही. तो डबा गेला की गेला, बाटलीने परत येत नाही. ब्रेक लॉकिंग म्हणजे बीएलडी हे तर सॉफ्टवेअर आणि ब्रेकचं काम, ॲक्सलमध्ये साधं डिफरन्शियलच असतं. थारचे सगळेच व्हेरियंट एमएलडीवाले नाहीत. वापरलेली गाडी घेतली असेल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. जुन्या पजेरो-एन्डेव्हरपैकी काहींना मागे एलएसडी असे, तिथेही हेच.

ओळखायची एक चाचणी आहे. सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागचा ॲक्सल जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा, टू-एच मध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर आत प्लेटा दाबलेल्या आहेत. उलट दिशेने फिरलं तर साधं, दातांचं किंवा एमएलडी यापैकी काहीही असू शकतं, आणि तिघांनाही मॉडिफायर लागत नाही. खबरदारी अशी की जुन्या, झिजलेल्या प्लेटाही उलट दिशेला फिरू देतात, तेव्हा प्लेटांचं एलएसडी असल्याची शंका असेल तर ॲक्सलवरची पट्टी आणि पुस्तिका बघून खात्री करा. आणि एकच चाक उचललेलं असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कधीच नाही. जमिनीवरच्या चाकाला ताकद पोचली तर गाडी जॅकवरून उडी मारते.

डब्यावर काय वाचायचं? 'लिमिटेड स्लिप', 'एलएस' किंवा 'एलएसडी' लिहिलं असेल तर बहुतेक वेळा मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो. त्यावर वेगळी बाटली म्हणजे दुप्पट मात्रा. प्लेटावाल्याने असा डबा घ्यावा, तुम्ही घेऊ नये. रेडलाइनसारख्या कंपन्या तर एकाच ग्रेडचे दोन डबे विकतात: नुसतं ७५डब्ल्यू-९० म्हणजे मॉडिफायरसकट, आणि नावापुढे एनएस असलेलं मॉडिफायरशिवाय. परदेशातून कुणी ऑइल आणत असेल तर ही दोन अक्षरं सांगून ठेवा. तुमच्या मेकॅनिकने मागच्या सर्व्हिसला आधीच एलएस ऑइल भरलं असेल तर घाबरायचं कारण नाही. ॲक्सल काही त्याने लगेच मोडत नाही. पुढच्या बदलाच्या वेळी साधं भरा, त्याआधी लॉक उशिरा आणि दणक्याने लागायला लागलं तर लवकर भरा.

बदलायची पद्धत. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, मग सपाटीला लावा. आधी फिलर बोल्ट उघडायचा, ड्रेन बोल्ट नंतर. हा क्रम मी प्रत्येक शिकाऊ पोराला पाठ करायला लावतो. फिलर गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरच अडकली. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळपट राखाडी, बोटात विरघळल्यासारखी पेस्ट असणं नेहमीचं. तुकडे, सळया किंवा नखाएवढे पापुद्रे दिसले तर ऑइल भरण्याआधी ॲक्सल उघडून बघावा. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल भरलं आणि बाहेर पाझरू लागलं की पुरे. बोल्टची वॉशर नवी टाका, पाच-दहा रुपयांचा हिशोब करू नका.

प्लेटावाल्यांनी यानंतर मोकळ्या मैदानात सावकाश आठच्या आकड्यात गाडी फिरवायची, दोन्हीकडे सारखी वळणं घेत. प्लेटांच्या चळतीत अडकलेलं जुनं ऑइल बाहेर येऊन नवं आत जायला तेवढाच मार्ग असतो. ताजं ऑइल टाकल्यावर पहिल्या दिवशी थरथर राहिली म्हणून लगेच बाटली ओतू नका. एमएलडीला याची गरज नाही.

आता पाणी, जो तुमच्या बाबतीत ग्रेडपेक्षा मोठा विषय आहे. महिंद्रा थारची पाण्यात उतरायची मर्यादा ६५० मिमी सांगते. चाकाचा मध्य जमिनीपासून ४०० मिमीच्याही थोडा खालीच असतो, म्हणजे मर्यादेत राहूनसुद्धा मागचा ॲक्सल पूर्ण बुडतो. घाट चढून तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात गेला की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढू बघते. ती यावी म्हणून ब्रीदरची नळी वर नेलेली असते. ती चिखलाने बुजली असेल किंवा निखळली असेल तर ॲक्सल सीलच्या ओठांतून पाणी ओढतो. पाणी शिरलेलं ऑइल दुधट होतं. फिलर उघडून बोट आत घाला. रंग लगेच कळतो. असं ऑइल कितीही नवं असलं तरी काढून टाका. मग स्वस्तातलं साधं जीएल-५ भरून काहीशे किलोमीटर चालवा, तेही काढा आणि मग चांगलं भरा, कारण कोपऱ्यात आणि प्लेटांमध्ये राहिलेलं पाणी पहिल्या बदलात निघत नाही. ब्रीदरची नळी फुंकून मोकळी आहे का बघा, सील ओले दिसतायत का बघा. तसंच उभं ठेवलं तर बेअरिंगवर गंज धरायला सुरुवात होते, म्हणून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीच हे काम उरका.